गूगल पानं शोधतं कसं आणि वर-खाली लावतं कसं?

तुम्ही लिहिलंय की पाचपाखाडीत तुमचा फराळाचा व्यवसाय आहे, काही महिन्यांपूर्वी वेबसाइट करून घेतली, पण ‘ठाण्यात भाजणीची चकली’ असं शोधलं तर ती कुठेच दिसत नाही. आणि एक एजन्सी दरमहा पैसे घेऊन ‘पहिल्या नंबरवर आणतो’ अशी हमी देतेय. मी ऐरोलीत राहतो, छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळणं हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हमीचं. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. पैसे घेऊन नंबर वर चढवणं गूगल करत नाही. जाहिरात विकतं, पण तिच्यावर तसा शिक्का असतो आणि पैसे थांबले की ती जाते. ही हमीवाली मंडळी बहुतेक वेळा एक गंमत करतात: तुमच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकून शोधून दाखवतात. त्या नावाचं दुसरं दुकानच नसेल तर तुम्हीच पहिले येणार, त्यात त्यांचं कर्तृत्व काय?

आता मुद्द्याचं. तुम्ही शब्द टाइप केलेत की गूगल इंटरनेटभर धावत सुटतं असं नाही. ते आधीच जमवून ठेवलेल्या पानांत शोधतं. म्हणजे काम तीन टप्प्यांत होतं: पान सापडणं, पान नोंदीत जाणं, आणि मग क्रम लागणं. लोक पैसे घालवतात ते तिसऱ्यावर, आणि घोडं पेंड खात असतं पहिल्या किंवा दुसऱ्यावर.

पानं जमवणारा प्रोग्रॅम म्हणजे क्रॉलर, गूगलचा तो गूगलबॉट. माहीत असलेल्या पानावर जायचं, तिथल्या लिंक उचलायच्या, त्यांच्यामागून पुढच्या पानावर, असं त्याचं अखंड चालू असतं. तुमच्या पानाकडे कुठूनच लिंक येत नसेल तर त्याला ते कळणार कसं? त्यासाठी साइटमॅप असतो, म्हणजे तुमच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी. ती गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात देता येते, फुकट. तिथेच कुठलं पान नोंदीत गेलं, कुठलं नाही आणि का नाही, हेही दिसतं. वेबसाइट करणाऱ्यानं याचा ताबा तुम्हाला दिलाय का, हे आजच विचारा.

आणि आणखी एक गोष्ट तपासा, कारण हे मी वारंवार पाहतो. तुमची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या त्या प्रचलित सॉफ्टवेअरवर केलेली असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंग या भागात, ‘सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. साइट अर्धवट असताना त्यावर टिक करतात, ते बरोबरच आहे. पण साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहते. मग तुम्ही कितीही सुंदर लिहा, गूगल तुमच्याच विनंतीला मान देऊन तुम्हाला वगळत राहतं.

साधी परीक्षा: शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ (site) लिहा, पुढे कोलन, आणि जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता. (कोलन इंग्रजी कीबोर्डवरचाच हवा, मराठीतला विसर्ग दिसायला तसाच असला तरी चालत नाही.) काहीच आलं नाही, तर बहुधा पान नोंदीतच नाही. मग क्रमाची चर्चा कशाला?

नोंद म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. ‘चकली’ या शब्दासमोर तो शब्द असलेल्या सगळ्या पानांची यादी, ‘भाजणी’समोर दुसरी, ‘ठाणे’समोर तिसरी. तुम्ही तीन शब्द टाकले की या याद्या एकमेकींवर ठेवून सामाईक पानं काढली जातात, म्हणून उत्तर क्षणात येतं. सगळ्या शब्दांना वजन सारखं नसतं. जो शब्द कमी पानांत सापडतो तो जास्त मोलाचा, ही कल्पना ब्रिटिश संशोधक करेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडली, वेबच्या जन्माच्या कितीतरी आधी. ‘ठाणे’ लाखो पानांत असेल, ‘भाजणी’ त्यामानानं थोड्या. तेव्हा तुमच्या पानावर नुसतं ‘उत्कृष्ट दर्जाचा घरगुती फराळ’ असेल आणि भाजणी, कडबोळी, अनारसे, चिरोटे हे शब्दच नसतील, तर त्या याद्यांमध्ये तुम्ही बसणार कुठे?

मराठी साइटची एक खास अडचण इथेच येते. पुष्कळ दुकानदार छापखान्यात केलेलं पत्रक तसंच साइटवर चिकटवतात. ते चित्र असतं. चित्रातला मजकूर गूगलला थोडाफार वाचता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्याहून वाईट म्हणजे जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर. स्क्रीनवर मराठी दिसतं, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. गूगलच्या दृष्टीनं तिथे ‘चकली’ नाहीच, निरर्थक जंजाळ आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं त्या पद्धतीत. पानावरचा एक शब्द कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा, मराठीच राहिला तर ठीक.

‘ठाणे’, ‘ठाण्यात’, ‘ठाण्याची’ यांची चिंता मात्र फार करू नका. पूर्वी मशीन केवळ अक्षरं जुळवायचं, आता वाक्याचा अर्थही लावतं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गूगलनं बर्ट हे भाषेचं मॉडेल इंग्रजी शोधात आणलं, आणि डिसेंबरमध्ये सत्तरहून अधिक भाषांत, त्यात मराठी होती. म्हणून एकच शब्द दहा रूपांत कोंबलेला परिच्छेद लिहू नका, वाचणाऱ्यालाही तो टोचतो.

आता क्रम. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डमध्ये शिकत होते तेव्हाची, 1998 च्या त्यांच्या निबंधातली कल्पना अशी: एखादा माणूस लिंकवर क्लिक करत वाट्टेल तसा हिंडतोय, आणि मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतोय. तो कुठल्या पानावर किती वेळा पोहोचेल? ज्याच्याकडे जास्त लिंक येतात तिथे जास्त, आणि ती लिंक मोठ्या पानाकडून आली तर आणखी जास्त. हाच पेजरँक. तो उडी न मारता पुढची लिंकच घेईल, ही शक्यता त्यांनी साधारण 0.85, म्हणजे शंभरात पंच्याऐंशी धरली होती. मूळ प्रेरणा शोधनिबंधांतल्या संदर्भांची: ज्याचा दाखला पुष्कळ जण देतात तो निबंध महत्त्वाचा.

लिंकला किंमत आली म्हटल्यावर लिंकचा बाजार भरला, हे ओघानं आलंच. पैसे मोजून शेकडो फालतू साइटवरून लिंक घ्यायच्या. त्याविरुद्ध एप्रिल 2012 मध्ये गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला. त्याआधी 2011 मध्ये पांडा आला होता, तो दुसरीकडून उचललेल्या, पोकळ मजकुराविरुद्ध. तुमची एजन्सी ‘महिन्याला इतक्या बॅकलिंक’ (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक) म्हणत असेल तर ती हाच शिळा माल विकतेय. कीवर्ड मेटा टॅगचंही, म्हणजे पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी घालतात तिचंही तेच: वेबच्या शोधात तो टॅग आपण वापरत नाही, असं गूगलनं 2009 मध्येच जाहीर केलं होतं.

आज क्रम ठरवताना कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात, आणि सगळ्या गूगल सांगत नाही. पण तुमच्या धंद्याला सगळ्यात जवळची गोष्ट सांगितलेली आहे. नकाशासह जी दुकानं वर येतात त्यांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर लागतो: शोधाशी संबंध किती, अंतर किती, आणि दुकानाची प्रसिद्धी किती. कासारवडवलीला उभा असलेला माणूस आणि नौपाड्यातला माणूस एकच शब्द टाकून वेगळी यादी पाहतो. मग ‘पहिला नंबर’ नेमका कुणाच्या फोनवरचा? त्यामुळे वेबसाइटआधी गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट भरा: प्रकार, पत्ता, वेळा, खरे फोटो. गिऱ्हाइकांना मत लिहायला सांगा, विकत मात्र घेऊ नका, नियमातही ते बसत नाही.

बदल केल्यावर परिणाम दिसायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. म्हणून दिवाळीच्या फराळाचं पान वसुबारसेला टाकून उपयोग नाही. गणपती उठले की लगेच टाका, आणि दरवर्षी नवीन पान काढू नका. जुन्या पत्त्याला आलेल्या लिंक वाया जातात. तेच पान ठेवा, फक्त भाव आणि तारखा बदला.