स्प्रिंकलर बसवण्याआधी पाणी बघ
लातूरच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीत आग विझवणारे स्प्रिंकलर बसवायचं काम हाती घेतलं आहेस, तर आधी पाण्याचा हिशेब कर. नळाच्या दाबावर भिस्त नको. २०१६ साली याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आगीसाठी वेगळी टाकी सर्वांत बरी. दोन्हींसाठी टाकी एकच असेल, तर वापराच्या पाण्याचा सक्शन पाइप (पंपाकडे पाणी ओढणारा) आगीसाठीच्या राखीव साठ्याच्या पातळीच्या वर घे; मग मे महिन्यात कुणी कितीही उपसलं तरी तो साठा शाबूत राहतो. माझ्या मते इथं हीच कळीची गोष्ट. दाबाचा हिशेब सर्वांत दूरच्या, उंचावरच्या स्प्रिंकलरपासून धर: के-८० हेड (पाणी सोडायच्या क्षमतेचा आकडा ८० असलेलं स्प्रिंकलरचं तोंड) १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर सोडतं, आणि १० मीटर चढाला जवळपास १ बार खर्ची पडतो. जुना पाइप ठेवणार असशील, तर तुकडा कापून आतला क्षार बघच.