उचलण्याआधी मोज

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. सलग अकरा रविवार तुम्ही नदीपात्रात उतरलात, पोतीच्या पोती कचरा काढलात आणि एका पावसाने काठ पुन्हा पिशव्यांनी भरला. तेव्हा हे काम सोडावे का, असे तू विचारतेस. सोडण्याचा प्रश्न येतोच कुठे? मला खटकले ते वेगळेच. त्या पोत्यांत नेमके काय होते, याविषयी तुझ्या चार पानी पत्रात एक ओळही नाही.

मीही पंधरा वर्षे असाच उचलत राहिलो. मग एका सुनावणीत अधिकाऱ्यांनी साधा प्रश्न केला: हे प्लास्टिक कोणत्या नाल्यातून येते आणि त्यात कोणाची वेष्टने किती? माझ्या वहीत छायाचित्रांखेरीज काही नव्हते. विषय तिथेच मिटला. त्या दिवसाची लाज अजून गेलेली नाही, म्हणून सांगतो, मोज.

नाल्याच्या मुखाशी काठाचा शंभर मीटरचा पट्टा आखून घे आणि दर महिन्याला तोच पट्टा, त्याच पद्धतीने मोज. पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी आणि नंतर तर मोजच. केवळ तरंगणाऱ्या कचऱ्यावरून अंदाज बांधू नकोस. पॉलिथीन पाण्यापेक्षा हलके असते, पण टोपण नसलेली ‘पेट’ (PET) या जड प्लास्टिकची पाण्याची बाटली पाणी भरून तळाला जाते, म्हणून गाळही चाळावा लागतो. तुला एक गोष्ट लवकरच दिसेल. ज्या बाटल्यांना भंगारात भाव मिळतो, त्या कचरावेचक आधीच उचलून नेतात. मागे उरतात ती प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली लहान पाकिटे, कारण ते थर वेगळे करणे परवडत नाही आणि ती कोणी विकत घेत नाही. म्हणजे तुझी नोंद केवळ नदीची नसते. ज्याला कोणी वाली नाही असे वेष्टन बाजारात कोण आणतो, याचीही ती असते. उत्पादकाकडे बोट दाखवायचे तर त्याचे नाव आणि संख्या हाताशी हवी. बांगलादेशने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, तीही पुराच्या वेळी गटारे कशाने तुंबतात हे उघड झाल्यावर.

माझे सहकारी याच मुद्द्यावर मला सोडून गेले. मोजण्यात सकाळ जाते आणि कचरा तसाच राहतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्यांच्याशी कठोरपणे वागलो, याचे वाईटही वाटते. तरी मोजणीबाबत मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. त्या सुनावणीनंतर तीन वर्षांनी त्याच अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मी एका नाल्याची महिनावार नोंद पुढे ठेवली, तेव्हा प्रथमच कोणी मला बसायला सांगितले आणि कागद शेवटपर्यंत वाचला.

तळहात कापल्याचे तू ओझरते लिहिले आहेस. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर आजच घे, आणि जाड हातमोज्यांशिवाय कोणालाही पात्रात उतरू देऊ नकोस. येत्या रविवारी पोती कमी भरली तरी चालेल. ताणकाटा आणि वही मात्र ने आणि वहीचे पहिले पान मला पाठव.

तुझा,
काका