छोट्या बारमधील कॅरिओकेसाठी ध्वनियंत्रणा

आपला बार जेमतेम 40 खुर्च्यांचा असल्याने मोठ्या स्पीकरवर पैसे घालण्याआधी मायक्रोफोन नीट निवडावा, असे मी सुचवेन. शुअर कंपनीचा एसएम58 हा 1966 पासून मिळणारा तारेचा डायनॅमिक माइक समोरचा आवाज घेतो, मागचा बराचसा टाळतो आणि एखाद्याच्या हातातून पडला तरी सहसा टिकतो. मात्र दोन पेग झालेला हौशी गायक माइकची जाळी मुठीत आवळतो, तेव्हा मागचा आवाज टाळण्यासाठी ठेवलेली वाट बुजते आणि स्पीकरमधून कर्कश शिट्टी निघते. ती आवाज वाढवून थांबत नाही, मूठ खाली सरकवून थांबते.

10 किंवा 12 इंची दोन पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर स्टँडवर, श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर, गायकाच्या पुढे ठेवावेत. मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, माइकसाठी निदान चार चॅनेल (स्वतंत्र जोडण्या) आणि गाणाऱ्यांना हवाहवासा वाटणारा एको असावा. गाणे ब्लूटूथने नव्हे, तारेनेच मिक्सरला द्यावे. मी सुरुवातीला ब्लूटूथ वापरण्याची चूक केली, तेव्हा आवाज उशिरा पोहोचून पडद्यावरचे शब्द पुढे आणि चाल मागे अशी फरफट रात्रभर चालली.