मैदानावरचे दिवे आणि शेजारची घरे

प्रश्न : घरासमोरच्या क्रीडांगणावर उंच खांबांवर एलईडी दिवे बसवल्यापासून रात्री उशिरापर्यंत शयनगृहात उजेड येतो. खांबांची उंची कमी करण्याची मागणी करावी का?

उत्तर : ही मागणी स्वाभाविक वाटली, तरी तिने त्रास बहुधा वाढेलच. खांब बुटका असला की मैदानाच्या मध्यापर्यंत प्रकाश पोहोचवण्यासाठी दिव्याचे तोंड वर उचलावे लागते आणि तोच झोत समोरच्या खिडक्यांत शिरतो. पुरेशा उंच खांबावरून मात्र दिवा जमिनीकडे रोखता येतो. म्हणून दिव्यांचा कोन बदलणे आणि त्यांना उजेड बाजूला पसरू न देणाऱ्या झडपा बसवणे, हे आधी मागावे.

प्रकाशाचे मोजमापही करून घ्यावे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार उपनगरी वस्तीत खिडकीच्या उभ्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश सायंकाळी १० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) आणि ठरलेल्या रात्रीच्या वेळेनंतर २ लक्सपेक्षा अधिक नसावा. पौर्णिमेचे चांदणे अर्ध्या लक्सचेही नसते, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा फार कडक म्हणता येणार नाही. शिवाय पांढऱ्याशुभ्र एलईडीतील निळसर प्रकाश झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती विशेषत्वाने रोखतो. त्यामुळे ३००० केल्विनच्या आसपासचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा कमी तितकी छटा पिवळसर) उबदार दिवे तुलनेने सुसह्य ठरतात. सामना संपल्यावर, केवळ मैदान आवरण्यासाठी, सगळे दिवे पूर्ण क्षमतेने जळत ठेवण्याचे तर काहीच कारण नाही.