‘आय ॲग्री’वर टिक केली, आता अडकले का?

प्रश्न : एका व्यायामाच्या ॲपची सात दिवसांची फ्री ट्रायल घेतली, कार्ड नंबर टाकल्याशिवाय ती चालूच होत नव्हती. दोन दिवसांत कंटाळा आला म्हणून ॲप डिलीट करून टाकलं आणि विसरून गेले. आठव्या दिवशी अख्ख्या वर्षाचे पैसे कट! मेल केला तर म्हणाले तुम्ही टर्म्स ॲक्सेप्ट केल्यात, त्यात ‘नो रिफंड’ आहे आणि वाद असेल तर आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे निवाडा, तेही आमच्या शहरात. घरचे म्हणतात सोडून दे, टिक तूच केलीस ना. खरंच सोडून देऊ का?

उत्तर : टिक तुम्हीच केलीत, ते नाकारायच्या भानगडीत पडू नका. कागदावर सही नाही म्हणून ऑनलाइन करार बाद होत नाही, आयटी कायद्यातच तसं आहे. पण टिक केली म्हणजे त्या लांबलचक पानांत त्यांनी जे जे घुसडलंय ते सगळं तुमच्या डोक्यावर बसलं, असंही नाही, आणि घरच्यांची गल्लत इथेच होतेय. (ती पानं मीसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाही, उगाच कशाला खोटं बोलू.)

आर्बिट्रेशनची भीती आधी काढून टाका. करारात तसं कलम असलं तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये एका बिल्डरच्या केसमध्ये सांगून टाकलंय. आणि त्यांच्या शहरात जायचीही गरज नाही, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

आता ‘नो रिफंड’. हे दोन शब्द दरवेळी बेकायदा असतातच असं नाही, तुम्ही सहा महिने ॲप वापरून मग पैसे मागितले असते तर मी पण सोडून द्या म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत मुद्दा वेगळा आहे, संमती घेतली कशी? सरकारने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ॲप-वेबसाइटवरच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार दिलेत आणि त्यातला एक आहे सबस्क्रिप्शन ट्रॅप. कॅन्सलचं बटण लपवणं, कॅन्सल करणं मुद्दाम किचकट करणं हे त्यात येतंच, पण फुकट सबस्क्रिप्शनसाठी कार्डाची माहिती किंवा ऑटो डेबिटची परवानगी जबरदस्तीने घेणं हेही त्यातच येतं. म्हणजे तुम्ही पहिल्याच ओळीत जे सहज लिहून गेलात ना, तेच तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. ट्रायलच्या त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट नसेल तर आजच घ्या, उद्या ती बदललेली असेल.

दुसरं, बँकेचे मेसेज तपासा. ऑटो डेबिटच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज आलाच नसेल तर बँकेकडेही लेखी तक्रार टाका. आणि बाई, ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही हो! फोनच्या स्टोअरमध्ये आणि बँकेत जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, आधी बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी हाच प्रश्न परत पाठवाल.

मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. कस्टमर केअरला नको, ते लोक एकच उत्तर चिकटवत राहतात. ई-कॉमर्स नियमांनुसार या ऑफिसरने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. नाही दिला तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, बरीचशी प्रकरणं तिथेच मिटवता येतात. तरी नाहीच जमलं तर जिल्हा आयोग, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षं. फक्त ‘हे कलमच अन्यायकारक आहे, रद्द करा’ अशी मागणी करू नका, ती राज्य आयोगाकडे जाते आणि प्रकरण लांबतं. तुम्ही आपले अनुचित व्यापार प्रथा म्हणून पैसे परत मागा.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेली वस्तू आवडली नाही तर सात दिवसांत परत करायचा कायदेशीर हक्क असतो ना?

उत्तर : नाही. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदीला साधारण 14 दिवसांची मुभा आहे, आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही, ते सात-दहा दिवस विक्रेत्याने स्वतःहून दिलेले असतात. पण वस्तू खराब निघाली, बनावट निघाली, जाहिरातीत दाखवली तशी नाही किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आली तर विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो. सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर दिलीच नसेल तर कायदा 30 दिवस धरतो, म्हणून बिल फेकू नका.