‘ईओडी’ म्हणजे नेमकं किती वाजता?

प्रश्न : ताई, माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. तीन महिन्यांपूर्वी अंधेरीच्या एका ऑफिसात लागले. मेलमध्ये सगळीकडे ईओडी, पीएफए, एफवायआय. बघून बघून मीही तसंच लिहायला लागले. एका ग्राहकाला मंजुरीसाठी कोटेशन पाठवताना वर ‘एफवायआय’ लिहिलं. चार दिवस उत्तर नाही. मग साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘याचा अर्थ तरी माहीत आहे का?’ आता मेल लिहायचीच भीती वाटते.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी तुझ्या ‘एफवायआय’बद्दल. फॉर युवर इन्फर्मेशन, म्हणजे नुसतं माहितीसाठी, तुम्ही काही करायचं नाही. ग्राहकाने वाचलं आणि बाजूला ठेवलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही. मंजुरी हवी असेल तर सरळ लिही, ‘प्लीज अप्रूव्ह द अटॅच्ड कोटेशन बाय फ्रायडे.’ कोणी, काय, कधीपर्यंत, तिन्ही त्यात आलं. चूक झाली खरी, पण साहेबांनी ती तुला बाजूला घेऊन सांगायला हवी होती. चारचौघांत विचारलं की माणूस शिकत नाही, गप्प होतो.

मी १९८३ साली बॅलार्ड इस्टेटला जहाजवाहतुकीच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, तीही मराठी शाळेतूनच. तिथे टेलेक्स होता, म्हणजे इथे टाइप केलेला मजकूर लाइनवरून दुसऱ्या ऑफिसात छापून देणारं यंत्र. लाइन जितका वेळ चालू तितके पैसे, म्हणून ‘थँक्स’चं टीकेएस आणि ‘रिगार्ड्स’चं आरजीडीएस व्हायचं. पहिल्या आठवड्यात मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर मला यादी करून दिली. पुढे नवीन शब्द दिसला की त्याच दिवशी विचारायचा आणि त्याच पानावर लिहायचा, असा मी नेम केला. तूही असं एक पान कर. ज्या अक्षरांचा पूर्ण विस्तार त्या पानावर नाही, ती आपल्या मेलमध्ये घालायची नाहीत.

तू रोज जे ‘सीसी’ करतेस, ते म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर एकाच वेळी जास्त प्रती काढायच्या तर वर लेटरहेड, खाली कार्बन, म्हणजे एका बाजूला शाई असलेला कागद, त्याची चकाकती बाजू खालच्या कागदाकडे, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन. अशी चळत रोलरमध्ये सरळ बसवायची. एक अक्षर चुकलं तर प्रत्येक प्रत वेगळी खोडायची, संध्याकाळी बोटं निळी-काळी. प्रत कोणाकोणाला जाते ते पत्राच्या तळाशी ‘सीसी’ लिहून सगळ्यांना दिसेल असं टाइप करायचं. एखाद्याला गुपचूप प्रत द्यायची असेल तर मूळ पत्र आधी काढून घ्यायचं आणि ते नाव फक्त खालच्या प्रतीवर उमटवायचं. ती ‘ब्लाइंड’ कार्बन कॉपी, म्हणजे आजची बीसीसी. हे डोळ्यांसमोर असलं की गोंधळ होत नाही. काम ‘टू’मधल्या माणसाचं, ‘सीसी’तल्याने फक्त जाणून घ्यायचं, आणि ‘बीसीसी’तला बाकीच्यांना दिसतच नाही.

‘पीएफए’, म्हणजे प्लीज फाइंड अटॅच्ड, आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतं. परदेशातल्या माणसाला ते कळेलच असं नाही. तिकडे ‘आय हॅव अटॅच्ड द कोटेशन’ असं पूर्ण लिही.

‘ईओडी’वर मात्र मला जरा थांबायचंय. एंड ऑफ डे, दिवस संपेपर्यंत. पण कोणाचा दिवस? लंडनचं ऑफिस हिवाळ्यात साडेपाचला बंद होतं तेव्हा मुंबईत रात्रीचे अकरा वाजलेले असतात, उन्हाळ्यात दहा. एकाच ऑफिसातसुद्धा कोणाचा दिवस सहाला संपतो, कोणाचा शेवटची लोकल पकडताना. म्हणून ‘ईओडी’ आलं की उलट विचार, ‘बाय सिक्स पीएम इंडिया टाइम?’ असं विचारणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही. स्वतः लिहिताना तर थेट वेळच घाल.

आणि अक्षरं कळली नाहीत याची लाज अजिबात नको. आजीच्या पत्रातलं ‘स.न.वि.वि.’ तुला कोणीतरी ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ असं फोडून सांगितलं असेल, तेव्हाच कळलं ना?

प्रश्न : नातीच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापतो आहोत. खाली ‘प्लीज आरएसव्हीपी’ घालावं असं मुलगा म्हणतो. बरोबर आहे का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, अभिनंदन! ‘प्लीज’ काढून टाका. ही अक्षरं फ्रेंच वाक्याची आहेत, ‘रेपाँदे सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया उत्तर द्या’. कृपया त्यात आधीच आहे. आपल्याकडे या अक्षरांखाली काका-मामांची नावं छापतात आणि लोकांना वाटतं, ती निमंत्रकांची यादी. येणार की नाही हे कळवायचंय, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. केटररला ताटांचा आकडा द्यायचा असेल तर अक्षरांवर विसंबू नका. ‘अमुक तारखेपर्यंत या नंबरवर कळवावे’ अशी एक मराठी ओळ छापा.

प्रश्न : इंग्रजी लघुरूपांआधी ‘अ’ लावायचा की ‘ॲन’?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : अक्षर कोणतं ते बघू नकोस, तोंडातून पहिला आवाज कोणता निघतो ते ऐक. ‘एफआयआर’ म्हणताना सुरुवात ‘ए’ या स्वराने, म्हणून ॲन एफआयआर. ‘यूपीआय’ची सुरुवात ‘य’ने, म्हणून अ यूपीआय पेमेंट, लिहिताना पहिलं अक्षर स्वर असलं तरी. आपल्या मुंबईतच याचं सुंदर उदाहरण आहे. एमएमआरडीए आणि म्हाडा, इंग्रजीत दोन्हींचं पहिलं अक्षर ‘एम’. एमएमआरडीए आपण अक्षर-अक्षर वाचतो, म्हणून ॲन एमएमआरडीए प्रोजेक्ट. म्हाडा अख्खा शब्द म्हणून वाचतो, म्हणून अ म्हाडा फ्लॅट.