बारावी आर्ट्सनंतर जीएनएमला गेलेल्या बहिणीला अभ्यासात मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं बारावी आर्ट्स मराठी माध्यमातून झालं, आता ती ठाण्यात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या (शरीराची रचना आणि काम) कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेत नापास झाली आणि कोर्स सोडते म्हणतेय. मी नवी मुंबईत नर्सिंगच्या मुलींना शिकवते, वॉर्डातही त्यांच्यासोबत असते. अशा मुली दर बॅचला असतात आणि त्यातल्या कितीतरी जणी पुढे उत्तम स्टाफ नर्स होतात.

आधी तिचं नेमकं कुठे अडतंय ते बघा. पुस्तक मिटा आणि मराठीत विचारा, ‘हृदयातून रक्त फुप्फुसात कसं जातं?’ नीट सांगितलं तर विषय कळलाय, अडतंय ते इंग्रजीत लिहिताना. नाही सांगता आलं तर नुसतं पाठांतर झालंय. सरसकट ‘अजून अभ्यास कर’ म्हणू नका, आधीच थकलेल्या मुलीला ते लागतं.

इंग्रजीसाठी रोज एकच पाच मार्कांचा प्रश्न घड्याळ लावून लिहायला सांगा. आधी आकृती, भागांची नावं, मग छोटी छोटी वाक्यं. शब्दांची स्पेलिंग मात्र घोटून घ्यावीच लागतात.

समज कच्ची असेल तर वॉर्डातला पेशंट धरा. समजा हार्ट फेल्युअरचा पेशंट आहे, पायांना सूज, लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध चालू. हृदयाचा जोर कमी पडला की किडनीला रक्त कमी पोचतं, मग किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि सूज चढते. लॅसिक्स ते लघवीवाटे काढतं, पण सोबत पोटॅशियमही जातं, आणि ते फार घसरलं तर ठोके बिघडतात. म्हणून रक्त तपासायचं, इन्टेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं) लिहायचं, रोज सकाळी वजन घ्यायचं. एका रात्रीत किलोभर वजन वाढलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी साठलं. हे तिने पेशंटच्या खाटेशी उभं राहून जोडलं की हृदय आणि किडनी, दोन्ही धडे एकदम डोक्यात बसतात. त्याच पेशंटचं त्याच दिवशी पुस्तकात वाचायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

यासाठीच केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा, सीनियरच्या फाइलवरून उतरवू देऊ नका. सगळ्या करतात, वेळ वाचतो, हे खरं. पण विचार करायची सवय जिथे लागते ती जागाच त्यात हातची जाते.

ड्रिपच्या गणितालाही आर्ट्सच्या मुली घाबरतात. ५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायचंय, ड्रिपचा सेट (सलाइनची नळी) मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. आकडे बदलून रोज दोन गणितं द्या, भीती जाते. सेटवर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो बघूनच गणित मांडायला शिकवा.

बदलापूर-टिटवाळ्याहून येत असेल तर मॉर्निंग ड्युटीसाठी पहाटे उठावं लागतं, त्या दिवसांत रात्री जागवू नका. क्लास टीचरना तुम्ही स्वतः भेटा. मुली घाबरून काही बोलत नाहीत, आणि अटेंडन्स कमी पडायला लागल्यावर मार्ग काढणं अवघड होतं.

आणि सोडायचंच म्हणत असेल तर एकदा शांतपणे विचारा, नको काय वाटतंय, पेपर की वॉर्ड? पेपरला कंटाळली असेल तर सोडू देऊ नका, त्यावर उपाय आहे. पेशंटजवळ जाणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र तिचं ऐका.